शेतातले औषध आणि यकृतातील विकरे

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, खजुरी नावाचे गाव आहे. मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषा या सीमाभागात कानांवर पडतात. भोवतालचा मुलूख तुरीचा. कलबुर्गी जिल्ह्याला कानडीत 'तोगरी कणज', म्हणजे तुरीचे कोठार, असे म्हणतात. 'गुलबर्गा तूरडाळ' या नावाला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या भागातला शेतकरी तूर फुलोऱ्यावर आली म्हणजे 'तुरीला औषध मारायचे आहे' असे म्हणतो, आणि घरात लेकराला ताप आला म्हणजे 'औषध आणायचे आहे' असेही म्हणतो. एक औषध मारणारे, दुसरे तारणारे. शब्द मात्र एकच.

भाषेच्या या सवयीला कोणी हसेल. परंतु शरीराच्या दृष्टीने पाहिले तर तीत काही तथ्य आहे. शेतातले औषध श्वासावाटे, कातडीवाटे किंवा अन्नावाटे पोटात गेले, आणि दवाखान्यातले औषध तोंडावाटे गेले, तरी पुढे दोघांची विल्हेवाट लावण्याचे काम बहुतांशी एकाच ठिकाणी चालते. ते ठिकाण म्हणजे यकृत. एक औषध तेथे येऊन गेले की दुसऱ्याच्या वाट्याला काय येते, हे मनुष्याला कसे कळले, त्याचा इतिहास आजच्या भाषणात सांगावयाचा आहे. हा इतिहास युरोप-अमेरिकेच्या प्रयोगशाळांत घडला, तसा तो आपल्या मळ्यांत आणि घरांच्या भिंतींवरही घडला आहे.

आरंभ १८४२ सालचा. जर्मनीतील गटिंगेन येथे व्होलर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली केलर नावाचा एक विद्यार्थी काम करीत होता. त्याने बेंझॉइक आम्ल स्वतः सेवन केले आणि आपले मूत्र तपासले. त्यात बेंझॉइक आम्ल जसेच्या तसे मिळाले नाही. मिळाले ते हिप्प्युरिक आम्ल. हे आम्ल पूर्वी घोड्याच्या मूत्रात सापडले होते, आणि ग्रीक भाषेतील घोड्याच्या नावावरूनच त्याचे नाव पडले होते. याचा अर्थ असा की, बाहेरून आलेला पदार्थ शरीर नुसता गाळून टाकीत नाही. त्याला दुसऱ्या पदार्थाची जोड देऊन, त्याचे रूप पालटून मग बाहेर घालविते.

असे का करावे लागते? तेलात विरघळणारा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, हे स्वयंपाकघरात आपण रोज पाहतो. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही. शरीरातून बाहेर जाण्याची मुख्य वाट मूत्राची, म्हणजे पाण्याची. म्हणून जे पदार्थ चरबीत विरघळतात त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे केल्यावाचून त्यांची पाठवणी होत नाही. हे काम यकृतातील विकरे करतात. विकर म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो ते. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे, पण स्वतः खर्ची न पडणारे द्रव्य. दुधाला विरजण लावतो तसे काहीसे, एवढे म्हटले तर सामान्य वाचकाला पुरेसे व्हावे.

वेल्श शास्त्रज्ञ रिचर्ड विल्यम्स यांनी या सर्व क्रियांची जुळणी करून १९४७ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच विषनिवारणाचा उल्लेख होता. यकृत हे शरीराचे विषनिवारक आहे, ही समजूत त्या काळी सर्वत्र होती. ती अर्धी खरी होती. उरलेले अर्धे सत्य लौकरच पुढे आले. अमेरिकेत ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड हे दोघे ॲसिटॅनिलाइड नावाचे तापाचे जुने औषध तपासीत होते. १८८६ सालापासून ते प्रचारात होते. ते घेतल्याने ताप उतरे, परंतु रक्ताला अपाय होई. १९४८ साली या दोघांनी दाखविले की, शरीरात गेल्यावर त्याचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर होते आणि ताप उतरविण्याचा गुण प्रामुख्याने त्या दुसऱ्याचा असतो. तो दुसरा पदार्थ म्हणजे आज घराघरात असलेले पॅरासिटामॉल. याचाच अर्थ, यकृतातील क्रिया औषधाला निरुपयोगी करते तशी कधीकधी उपयोगीही करते.

आणि कधीकधी विषारीही करते. जर्मनीत श्राडर यांनी शोधलेले पॅराथिऑन हे कीटकनाशक याचे उदाहरण होय. पॅराथिऑन मूळ रूपात मज्जातंतूंना फारशी बाधा करीत नाही. यकृतातील विकर त्याला ऑक्सिजन जोडते व त्यातील गंधक काढते. तेव्हा जे पॅराऑक्सॉन तयार होते, तेच जीव घेते. १९५८ साली केरळात या विषाने शंभरावर माणसे दगावली. जहाजातून एकत्र आलेल्या मालात पॅराथिऑन सांडून पिठाच्या व धान्याच्या पोत्यांत उतरले होते. त्या दुर्घटनेच्या चौकशीनंतर जी पावले पडली, त्यांतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. आज दुकानात औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, त्याचे मूळ या कायद्याखालील नियमांत आहे.

आता खजुरीच्या परिसरात परत येऊ. १९४५-४६ साली मुंबई इलाख्याच्या कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचा प्रयोग झाला. ते दोन्ही जिल्हे आज कर्नाटकात आहेत. आळंदचा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. हिवतापाला आळा बसला हे पाहून १९५३ साली साऱ्या देशाने ही मोहीम हाती घेतली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९६१ पर्यंत रोग्यांची संख्या पन्नास हजारांच्याही खाली आली. पिढ्यान् पिढ्या ज्या गावांनी हुडहुडीने दिवस काढले, त्यांच्या दृष्टीने डीडीटी हे खरोखरीच औषध होते. ही कृतज्ञता विसरून पुढची गोष्ट सांगणे अन्यायाचे होईल.

पण त्याच डीडीटीचा एक गुण होता. तो चरबीत विरघळे आणि लौकर निघून जात नसे. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दिल्लीतील लोकांच्या चरबीत डीडीटी आढळला, आणि तो बऱ्याच इतर देशांतील लोकांच्या मानाने पुष्कळ अधिक होता. भिंतीवर मारलेले औषध माणसाच्या अंगात मुक्कामाला आले होते. तेथे ते नुसते पडून राहते की काही करते, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर काही अंशी योगायोगाने मिळाले. अमेरिकेत फाउट्स आणि त्यांचे सहकारी उंदरांना झोपेचे औषध देऊन ते किती वेळ झोपतात हे मोजीत. एकदा असे झाले की, नेहमीचेच औषध, नेहमीचीच मात्रा, पण उंदीर लौकर जागे होऊ लागले. शोध घेता कळले की प्राण्यांच्या खोलीत किडे मारण्यासाठी क्लोर्डेन नावाचे कीटकनाशक फवारले होते. १९६३ साली त्यांनी पद्धतशीर प्रयोगाने दाखविले की, क्लोर्डेनमुळे उंदरांच्या यकृतातील औषध मोडणारी विकरे वाढतात. विकरे वाढली की झोपेचे औषध भराभर संपते, आणि उंदीर जागा होतो.

ही कल्पना त्या वेळी अगदी नवी नव्हती. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत मिलर दांपत्य व कॉनी यांनी, आणि जर्मनीत रेमर यांनी, काही रसायने व झोपेची औषधे वारंवार दिल्यास यकृत आपली विकरे वाढविते हे दाखविले होते. झोपेच्या गोळीची सवय लागलेल्या माणसाला पहिली मात्रा का पुरत नाही, याचे एक कारण त्यातून उलगडले. नवी गोष्ट एवढीच होती की, हे काम करण्यास औषध पोटात घेण्याचीही गरज नाही. खोलीत फवारलेले कीटकनाशक पुरते.

उंदरांचे ते माणसांचे असेलच असे नाही, अशी शंका घेणे योग्यच होते. १९६९ साली स्वीडनमध्ये डीडीटी, क्लोर्डेन व लिंडेन यांच्याशी रोज संबंध येणाऱ्या कामगारांना अँटिपायरिन नावाचे औषध देऊन त्यांचे रक्त तपासण्यात आले. इतरांच्या मानाने या कामगारांच्या रक्तातून ते औषध निम्मे होण्यास सुमारे एकतृतीयांश वेळ कमी लागला. कामगार आजारी नव्हते. त्यांना काही जाणवतही नव्हते. पण डॉक्टरने पुस्तकातली मात्रा दिली असती, तर ती त्यांना अपुरी पडण्याचा संभव होता.

त्याच वर्षी लंडनच्या डॉक्टरांनी या गुणाचा उलटा उपयोग केला. जन्मापासून एका प्रकारची कावीळ असलेल्या रुग्णाला त्यांनी मोजून डीडीटी दिला. यकृताची विकरे वाढली आणि रक्तातील पिवळे द्रव्य उतरले. हा उपचार पुढे रूढ झाला नाही व कोणी घरी करण्याचा तर नाहीच नाही. पण 'औषध' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच पदार्थात कसे राहू शकतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

ही विकरे कोणती, हे कळण्यास जपानी शास्त्रज्ञांचे साहाय्य झाले. यकृतातील एका रंगद्रव्याला कार्बन मोनॉक्साइड जोडला की ते ४५० या तरंगलांबीचा प्रकाश शोषते, असे १९५८ च्या सुमारास आढळले होते. ओसाका येथील ओमुरा व सातो यांनी १९६२ मध्ये ते एक प्रकारचे सायटोक्रोम आहे असे ओळखले आणि त्याला पी-४५० हे नाव दिले. आज माणसात या घराण्याची ५७ जनुके माहीत आहेत. यकृताला 'आता विकरे वाढव' अशी वर्दी देणारा एक ग्राहक-रेणू १९९८ साली सापडला. क्षयाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन हे औषध ज्या कडीला हात घालून ती वाजविते, तीच कडी एंडोसल्फान हे कीटकनाशकही वाजविते, असे पुढे प्रयोगशाळेत मानवी यकृतपेशींवर दिसून आले. एंडोसल्फान आपल्याकडे तुरीवर व कापसावर पुष्कळ वापरले जाई. कर्नाटकाने २०११ च्या आरंभी त्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली.

आतापर्यंत विकरे वाढण्याची गोष्ट झाली. ती अडण्याची गोष्ट अधिक तातडीची आहे. १९७६ साली पाकिस्तानात हिवतापाच्या मोहिमेत मॅलाथिऑन फवारणारे सुमारे साडेसात हजार कामगार होते. त्यांपैकी अठ्ठावीसशेच्या आसपास लोकांना विषबाधा झाली आणि पाच जण मरण पावले. मॅलाथिऑन हे माणसाला तुलनेने सौम्य समजले जाते, आणि त्याचे कारणही यकृतच. मॅलाथिऑनचे तुकडे करून टाकणारे एक विकर आपल्याजवळ भरपूर असते. किड्यांजवळ ते फार थोडे. मग येथे काय घडले? त्या मालात आयसोमॅलाथिऑन नावाची अशुद्धी होती, आणि ती नेमके हेच विकर निकामी करीत होती. घराला कुलूप होते, पण चोराच्या सोबत्याने किल्ली आधीच मोडली होती.

हीच गोष्ट दोन औषधे एकत्र मिसळली असताना घडू शकते. सायपरमेथ्रिनच्या जातीची कीटकनाशके शरीर ज्या विकरांनी मोडते, त्यांतील काही प्रोफेनोफॉस हे दुसऱ्या जातीचे कीटकनाशक अडवून धरते. १९८० साली उंदरांवरील प्रयोगात हे स्पष्ट दिसले. मिश्रण किड्याला जड जाते त्याचे एक कारण हेच. पण फवारणाऱ्या माणसाचे यकृतही त्याच कायद्याने चालते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेकडो शेतकरी व शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले, कित्येकांचे प्राण गेले. त्या दुर्दैवाची कारणे अनेक होती: माथ्यावर गेलेले कापसाचे पीक, दमट हवा, अंगावर संरक्षक कपड्यांचा अभाव, आणि दुकानदाराच्या सल्ल्याने केलेली मिश्रणे. शासनाने त्यानंतर काही कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली. त्यांत प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे तयार मिश्रणही होते.

मिश्रणाची ही विद्या तशी जुनी आहे. १९४० साली असे आढळले की, शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून काढलेल्या कीटकनाशकात तिळाचे तेल घातले तर ते अधिक तीव्र होते. तिळातील द्रव्य किड्याची विकरे अडविते. त्याच धर्तीवर १९४७ साली पिपरोनिल ब्युटॉक्साइड हे कृत्रिम रसायन तयार झाले, आणि घरातल्या डासांच्या फवाऱ्यांत ते अजूनही वापरतात. संक्रांतीचा तीळ निरुपद्रवी राहिला, पण त्याने दाखविलेली वाट मात्र कारखान्यापर्यंत गेली.

किड्याजवळही विकरे आहेत, हा या कथेतला शेवटचा आणि शेतकऱ्याला सर्वांत महाग पडलेला भाग. १९९७-९८ च्या हंगामात बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांत तुरीवर शेंगा पोखरणारी अळी अनावर झाली. औषधावर औषध मारले गेले, उधारी वाढत गेली, पीक हातचे गेले, आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ते वर्ष या दोन जिल्ह्यांच्या स्मरणात राहिले. अळी का मरत नव्हती? पिढ्यान् पिढ्या त्याच विषाशी गाठ पडल्याने, ज्या अळ्यांची विकरे ते विष पचविण्यास समर्थ होती त्याच मागे उरल्या होत्या. २०१२ साली याच अळीच्या एका ऑस्ट्रेलियातील वाणात असे दिसले की, पी-४५० घराण्यातील दोन जुनी जनुके सांधली जाऊन एक नवे जनुक बनले आहे, आणि त्याचे विकर फेनव्हॅलरेट हे विष मोडून टाकते. माणसाच्या यकृतात आणि अळीच्या देहात एकाच कुळातील विकरे काम करतात. अंतर एवढेच की, अळीची पिढी महिन्याभरात पालटते आणि माणसाची पंचवीस वर्षांनी. या शर्यतीत फवारा वाढवून माणूस जिंकेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

त्या संकटानंतर गुलबर्गा भागात शेतकऱ्यांची एक साधी रीत पुन्हा पुढे आली. तुरीचे झाड धरून हलवायचे, खाली अंथरलेल्या कापडावर पडलेल्या अळ्या गोळा करायच्या आणि नष्ट करायच्या. कृषिशास्त्रज्ञांनीही तिची दखल घेतली. या रीतीला मजुरी लागते हे खरे, परंतु हलविण्याविरुद्ध कोणत्याही अळीला विकर तयार करता येत नाही.

श्रोतेहो, विज्ञानाच्या या इतिहासातून आपण घ्यावयाचे ते थोडके आहे, पण जिवाशी निगडित आहे. फेफऱ्याची, क्षयाची, रक्त पातळ ठेवण्याची किंवा मधुमेहाची औषधे ज्यांना वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, त्यांच्या औषधाची मात्रा त्यांच्या यकृताच्या चालीवर अवलंबून असते. क्षयाचे रिफॅम्पिसिन सुरू असताना संततिनियमनाच्या गोळ्या निष्फळ ठरतात, हे १९७० नंतर वैद्यकाला कळले, आणि आता प्रत्येक डॉक्टर ते लक्षात ठेवतो. परंतु रोग्याने काल शेतात काय फवारले, हे त्याने सांगितल्याशिवाय डॉक्टरला कळण्याचा मार्ग नाही. रोगी ते सांगत नाही, कारण त्याच्या मते ते तुरीचे औषध आहे, त्याचे स्वतःचे नव्हे.

म्हणून फवारणी करणाराने दवाखान्यात जाताना औषधाच्या डब्यावरील नाव लिहून न्यावे. घेरी, घाम, उलटी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर डबा किंवा त्यावरील चिठ्ठीच सोबत न्यावी. डॉक्टरचे अर्धे काम त्याने होते. दोन औषधे एकत्र करण्यापूर्वी दुकानदाराला नव्हे, तर कृषी अधिकाऱ्याला विचारावे. चालू असलेल्या गोळ्यांची मात्रा मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नये; क्षयाच्या किंवा फेफऱ्याच्या रोग्याने तसे केले तर रोग उलटतो. आणि फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुऊ नयेत.

जुन्या मराठीत यकृताला काळीज म्हणत. खाटकाच्या दुकानात अजूनही त्याच अर्थाने कलेजी मिळते. धैर्य, माया आणि चिंता यांचे घर आपल्या लोकांनी याच अवयवात मानले. शास्त्राने त्याला दुसरे काम सोपविले आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक परक्या पदार्थाची ते बिनबोभाट वासलात लावते, आणि त्याच्यावर किती भार टाकावा हे ठरविणे तेवढे आपल्या हाती राहते.